सवतीची हाक

परवा सकाळी लेटरबॉक्सला पुन्हा पिशवी लटकलेली दिसली. सुपरमार्केटची पांढरी पिशवी, वर दोनदा मारलेली गाठ, आणि त्या गाठीतूनही बाहेर येणारा तो वास. फिजोआ. ज्यांनी हे फळ खाल्लेलं नाही त्यांना काय सांगू? दिसायला हिरवं, कोंबडीच्या अंड्याएवढं, लांबच्या नात्याने पेरूचं काहीतरी लागणारं. पण वास असा की चार फळं घरात आणून ठेवली तर कपाटातल्या साड्यांनाही लागतो. एप्रिल लागला की आमच्या पामीत, म्हणजे पामर्स्टन नॉर्थमध्ये, ज्याच्या त्याच्या अंगणात फिजोआंचा सडा पडतो. माणसं खाऊन खाऊन कंटाळतात आणि मग दुसऱ्याच्या दारात पिशवी अडकवून पळ काढतात. पण अशी दोनदा गाठ मारणारी माझ्या ओळखीत एकच बाई आहे, आणि ती माझी सवत आहे.

नाव डोरीन. वय साठीच्या पुढे, पायात गमबूट, केस घरीच कात्रीने कापलेले. गावोगावच्या हॉलमध्ये गिटार घेऊन कंट्री म्युझिक गाते. माझ्या नवऱ्याशी तिचं लफडं वगैरे काही नव्हतं, उगाच कान टवकारू नका. पण सवत म्हणायला लफडंच लागतं असं कुणी सांगितलं?

मी मूळची मत्सरी, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी धाकट्या बहिणीच्या वेणीला जास्त गजरा मिळाला तरी माझ्या पोटात दुखायचं. लग्नानंतर ते दुखणं जरा कमी झालं, कारण नवरा असा मिळाला की त्याच्यावर कुणी डोळा ठेवावा असं त्याच्यात काही नव्हतं. पॅन्टच्या दुमडीत गवताचं बी, खिशात गवताचं बी, आणि बोलण्यातही बहुतेक वेळा गवतच. हे गवताचे शास्त्रज्ञ. पुण्यात लोक हसायचे, गवताचा कसला आलाय अभ्यास! इथे आलो आणि कळलं की या देशात गवतावर मेंढी जगते आणि मेंढीवर माणूस. तेव्हा गवताला मान आणि ओघाने आम्हालाही.

यंदा डोंगराच्या कडेवर पवनचक्क्या उभ्या राहतायत. एकेक पातं लांबलचक ट्रकवरून गावातून जातं आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात. हे असते तर रोज दुर्बीण घेऊन पोर्चमध्ये बसले असते आणि मला आतून दहादा बाहेर बोलावलं असतं. मी चिडचिडत गेले असते. आता कुणी बोलवत नाही, तर आपणहून जाऊन बघते. वारा तसाच आहे, नदीवरून येणारा, कानात शिरणारा. शेजारच्या ओकची पानं आमच्या गटारात येऊन बसतात, संध्याकाळी सगळ्यांच्या चिमण्यांमधून लाकडाचा धूर निघतो, आणि मागच्या अंगणात धप्प, धप्प असे आवाज येत राहतात. फिजोआ तोडायचा नसतो. पिकला की तो आपणहून पडतो. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं.

त्या वर्षीच्या एप्रिलातही असेच आवाज येत होते. शनिवारची दुपार. हे बादली घेऊन मागे गेले होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, “अहो, चहा झालाय.” उत्तर नाही. मग नुसतंच, “अहो!” मग गाळणं हातातच ठेवून दारात जाऊन लांबवर, “अहोऽऽ!” झाडाखाली कुंपणाला टेकून बसले होते. बादली अर्धी भरली होती. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसेल. बाकीचं मला सांगायचं नाही.

सांगायचं ते त्या शब्दाचं. तशी ‘अहो’ कुणालाही म्हणता येते. अहो काका, अहो डॉक्टर, अहो जरा सरका. पण नुसती ‘अहो’, जिच्या पुढे काहीच नाही, ती एकाच माणसाची असते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी नवऱ्याला अरेतुरे करायला लागल्या होत्या. मला ते कधी जमलं नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं ते घेतलं. इथे लिहितानाही हात अडखळतो, म्हणून एकदाच लिहिते: वसंत. या नावाचा पामीतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात ‘वॅझ’ करून टाकला. ऑफिसातली कालची पोरगी “मॉर्निंग, वॅझ!” म्हणायची आणि मी, लग्नाची बायको, आपली ‘अहो’वर. पण त्या ‘अहो’ला त्यांची मान जशी वळायची तशी वॅझला कधी वळायची नाही, एवढं माझं समाधान होतं.

तो शब्द त्या दुपारनंतर माझ्या तोंडातून गेला. रडणंही गेलं. केतकी, माझी मुलगी, ख्राइस्टचर्चहून आली. युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. ती दोन आठवडे राहिली, दोघींच्या वाटणीचं रडली आणि परीक्षा होती म्हणून गेली. मी कोरडीच. फ्युनरलला जर्सी घातलेली बरीच अनोळखी माणसं आली होती. मला वाटलं ह्यांच्या गवताच्या प्लॉटवरचे कामगार असतील. मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

मग सुरू झाला जळफळाट. खरं सांगते, दुःखापेक्षा मला मत्सरच जास्त झाला. मी फार्मसीत काम करते. म्हाताऱ्या बायका नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायच्या, “ही वुड फर्गेट हिज ओन हेड,” असं कौतुकाने म्हणायच्या आणि मला त्या गोळ्यांचा हेवा वाटायचा. हिच्या घरी गोळ्या घ्यायला कुणी आहे! आमच्या इथल्या रेखावहिनी, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची बायको, दर शुक्रवारी डबा घेऊन नवऱ्यासकट यायच्या. जीव लावणारी बाई, पिठलं तर असं करते की विचारू नका. पण माझ्या सोफ्यावर बसून दर दोन मिनिटांनी, “अहो, किल्ली घेतलीत ना?” “अहो, तो डबा इकडे द्या.” “अहो, ऐकताय ना?” आणि तो माणूस पेपरातून डोकं न काढता नुसतं “हं” करायचा. अरे, वळून बघ की! तुला कुणी हाक मारतंय! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका शुक्रवारी मी डोकं दुखतंय म्हणून दारच उघडलं नाही.

आता त्या कॅसेटचं सांगते. ह्यांच्या गाडीत एक कॅसेट कायमची घातलेली असायची. शेतीच्या कुठल्याशा प्रदर्शनात चहाच्या टेबलाशेजारी ती गाणारी बाई स्वतःच विकत बसली होती म्हणे. मला ते संगीत मुळीच आवडायचं नाही. नाट्यसंगीतावर वाढलेला माझा कान, एका ‘आ’मध्ये पन्नास वळणं घेणारी माणसं ऐकलेली, आणि इथे ही तीन सुरांत रडणारी मंडळी. कुणाची गाय गेली, कुणाचा ट्रक गेला, कुणाची बायको गेली, चाल आपली तीच. गाडीत बसले की मी म्हणायची, “बंद करा हो ते रडगाणं.”

“अगं, पुढची जागा ऐक तरी.”

“काही नको. जागा म्हणे! हिला जागा घेता येते?”

हे हसायचे आणि बटण दाबायचे. ती पुढची जागा मी कधी ऐकलीच नाही. रविवारी मला फार्मसीत ड्यूटी असायची तेव्हा हे त्याच बाईच्या गाण्याच्या क्लबात जायचे. “येतेस का, तुझी सुट्टी असेल त्या रविवारी?” असं विचारायचे. मी नाक मुरडायची. तुम्हीच जा तुमच्या गमबूटवाल्यांत.

केतकी परत गेल्यावर एका सकाळी माझ्या गाडीची बॅटरी उतरली आणि मला ह्यांची गाडी काढावी लागली. आत बसले तर तोच वास, माती, वाळलेलं गवत, आणि मागच्या सीटवर विसरलेले चार फिजोआ, सुरकुतलेले. किल्ली फिरवली आणि टेप आपोआप सुरू झाला. जिथे ह्यांनी थांबवला होता तिथूनच. गिटार. मग ती बाई. धुकं उतरलंय, किटली उकळतेय, तू वरच्या रानातून अजून खाली आला नाहीस, असं काहीतरी. मी बटण शोधत होते, ते सापडत नव्हतं, आणि नदीवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती बाई गाता गाता थांबली आणि तिने हाक मारली.

“अ-होऽऽऽ... अ-होऽऽऽ!”

पुलावर गाडी थांबवता येत नाही म्हणून, नाहीतर मी तिथेच थांबवली असती. पूल संपल्यावर कडेला घेतली. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन गेला. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. दुःखाने नव्हे. संतापाने! कोण ही बया? माझ्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी ही कोण? एवढी वर्षं माझ्या शेजारी बसून, माझ्या नाकावर टिच्चून ही गाडीत ‘अहो, अहो’ करत होती, आणि हे हसत होते! मी टेप मागे घेतला. पुन्हा ऐकला. पुन्हा तेच. आवाज पहिल्यांदा छातीतून निघायचा आणि ‘हो’वर एकदम तुटून वर चढायचा, खिडकीतून मारलेल्या हाकेसारखा. मी कामाला उशिरा पोचले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

संध्याकाळी केतकीला फोन लावला आणि फोनजवळ टेपरेकॉर्डर धरून ऐकवलं.

“आई, इट्स योडलिंग. शी इज नॉट कॉलिंग बाबा.”

“मग कोणाला हाक मारतेय?”

“नोबडी! इट्स जस्ट अ साउंड.”

“असं नुसतंच कुणी ‘अहो’ म्हणत नाही, केतकी.”

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, आर यू ईटिंग प्रॉपर्ली?”

जेवत होते की नव्हते कुणाला आठवतंय! गाडी मात्र चालवत होते. माझ्या गाडीची नवी बॅटरी आली तरी मी ह्यांचीच काढायची. कामावरून सरळ घरी न येता नदीकाठचा लांबचा रस्ता घ्यायची. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, गुडघ्याएवढं धुकं, त्यात पाय बुडालेल्या मेंढ्या, हीटरची ऊब आणि ती बाई. आता मला कुठलं गाणं कुठे संपतं हे पाठ झालं होतं. ती जागा जवळ आली की मी गाडी हळू करायची. ती हाक मारायची. रडू यायचं नाही, पण श्वास पुरा यायचा. त्या दिवसांत मला बरं वाटायचं ते फक्त तिथे. हे कबूल करायला मला किती राग येत होता म्हणून सांगू! शब्द माझा, नवरा माझा, आणि हाक मारणार ती. मला का येत नाही? रिकाम्या गाडीत मी एकदोनदा तोंड उघडून बघितलं. नुसती हवा आली. जळ्ळं मेलं, तेवढंही साधेना.

कॅसेटच्या वेष्टनावर क्लबाच्या हॉलचं गाव छापलं होतं आणि महिन्यातले कुठले रविवार तेही. मे संपत आला होता. मी फार्मसीतली ड्यूटी बदलून घेतली, शंकरपाळे केले आणि निघाले. मनात एकच. हिला एकदा बघायचंय.

पत्र्याच्या छपराचा तो साधा हॉल. बाहेर चिखलाने माखलेल्या गाड्या, आत भिंतीला टांगलेले हीटर, एका कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं आणि लांब टेबलावर प्रत्येकीने आणलेल्या बश्या. माझे शंकरपाळे मी स्कोन्सच्या, म्हणजे इथल्या गुबगुबीत बनपावांच्या, शेजारी ठेवले. एक म्हातारा, कमरेत वाकलेला, माझ्याकडे बघत पुढे आला आणि म्हणाला, “यू मस्ट बी वॅझेस मिसेस.” आणि बघता बघता माझ्याभोवती जर्सीवाल्यांचा घोळका झाला. हीच ती माणसं, फ्युनरलला आलेली. वॅझने खुर्च्या लावायला कधी टाळाटाळ केली नाही. वॅझ चहाचे चमचे मांडीवर असे वाजवायचा की ड्रमची गरज नको. वॅझला एकदा रॅफलच्या सोडतीत मटणाचा ट्रे लागला आणि शाकाहारी माणूस तो ट्रे तान्ह्या मुलासारखा हातावर धरून तासभर उभा होता, कुणाला द्यावा कळेना. सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळत होते. मटणाच्या ट्रेचं मला कसं माहीत नाही? चमच्यांचं मला कसं माहीत नाही? आमच्या घरातली ह्यांची खुर्ची मी बघवत नाही म्हणून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. या लोकांनी त्यांच्याकडची ह्यांची खुर्ची तशीच ठेवली होती. पुढून दुसऱ्या रांगेत, दाराकडे पाठ असलेली, रिकामी. “दॅट्स हिज,” म्हातारा म्हणाला, “सिट, लव्ह.” मी मानेनेच नाही म्हटलं आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसले.

मग ती आली. मी कुणीतरी देखणी बाई मनात धरली होती, केसांत फूल माळलेली, टोपीवाली. ही आपली शेतावरची आजीबाई, हातावर गवताचे ओरखडे, गिटारीचा पट्टा बेल्ट कापून केलेला. मला जरा बरंच वाटलं. पण तिने तोंड उघडलं आणि ते बरं वाटणं गेलं. ते गाणं आलं. ती जागा आली. समोरासमोर तो आवाज असा अंगावर आला की मी खुर्चीची कड धरली. आणि हाक मारून झाल्यावर तिने त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. हॉलमधल्या सगळ्यांनी बघितलं. हिची हिंमत बघा!

चहाच्या वेळी ती दोन कप घेऊन सरळ माझ्याकडेच आली. मीही तयारच होते.

“ती हाक,” मी म्हटलं, “ती कुणाला असते?”

“ट्रेव्हला,” ती म्हणाली. ट्रेव्ह तिचा नवरा. डोंगरावर मेंढ्या बघायला जायचा आणि ही खालून जेवायला बोलवायची. “ट्रेव्ह असं ओरडलं की वारा खाऊन टाकतो बघ, फार तोकडं नाव. ‘ओ’ लांब जातो. म्हणून अ-हो. तीस वर्षं मी तशीच ओरडले आणि तीस वर्षं त्याने कधी मान वर केली नाही. जेवायला मात्र वेळेवर यायचा. तो गेल्यावर मी ते गाण्यात घातलं. दुसरं करणार काय?”

तिने माझे शंकरपाळे मूठभर घेतले होते, ते खात खात ती पुढे बोलत राहिली.

“तुझा वॅझ पहिल्या रविवारी आला ना, इथे असा दाराकडे पाठ करून बसला होता. मी हाक मारली आणि तो ताडकन उठून दाराकडे वळला! चहा सगळा पॅन्टवर. मला वाटलं आग बिग लागली. नंतर येऊन सॉरी म्हणाला. म्हणे, माझी बायको मला अशीच बोलावते, मला वाटलं ती आली. मी विचारलं, म्हणजे हे तुझं नाव का? नाही म्हणाला. मग याचा अर्थ काय? बराच विचार केला त्याने. मग म्हणाला, अर्थ काही नाही, तो मीच.”

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

“त्यानंतर दर वेळी,” डोरीन म्हणाली, “त्या जागेला तो वळून दाराकडे बघायचा. मुद्दाम, नाटकी. हॉल हसायचा. पण मी समोर उभी असायची ना, तो परत वळला की मला त्याचं तोंड दिसायचं. प्रत्येक वेळी त्याला थोडं तरी खरं वाटायचं की तू आत येशील. मला तुझा इतका हेवा वाटायचा, सांगते. मी घसा फोडून गाते, आणि माझ्या आवाजात माणूस ऐकतोय दुसरीलाच!”

यावर एखादी चांगली बाई विरघळली असती. तिने डोरीनचे हात धरले असते. पण मी आधीच सांगितलंय, मी मूळची मत्सरी आहे. तिने विचारलं, “मी ते गाते त्याचा तुला त्रास होतो का, लव्ह?” इथल्या रीतीने याचं उत्तर ‘नो, नो, नॉट ॲट ऑल’ असं द्यायचं असतं. मी म्हटलं, “हो. होतो.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, “फेअर इनफ. मग ते तुझं. मी सोडलं.” आणि कप उचलून निघून गेली.

मी जिंकले होते. घरी येताना टेप लावला नाही, गरजच नव्हती. आल्या आल्या खमंग खिचडी टाकली, पोटभर जेवले, रेखावहिनींना फोन करून शुक्रवारी या म्हटलं. त्या आल्या, “अहो, चपला आत घ्या, पाऊस आहे” म्हणाल्या, आणि मी नुसती हसले. माझा शब्द मला परत मिळाला होता. कुणी चोरलेला दागिना परत द्यावा तसा मी तो कपाटात ठेवून दिला होता. वापरणार कुठे, हा विचार केला नव्हता.

पुढच्या वेळी गेले तेव्हा जून लागला होता. सकाळी लॉनवर दहिवर गोठलेलं, झाडाखाली शेवटचे फिजोआ. ते मी पहिल्यांदाच वेचले आणि बादलीतून हॉलवर घेऊन गेले. का गेले? ती शब्द पाळते का बघायला, दुसरं काय! त्या दिवशी गर्दी होती, भिंतीशी जागा नव्हती. म्हाताऱ्याने पुन्हा ती खुर्ची दाखवली आणि मी बसले. दाराकडे पाठ. सीट खोलगट झालेली होती. हातात चहाचा चमचा तसाच राहिला होता.

डोरीनने ते गाणं घेतलं. धुकं उतरलं. किटली उकळली. वरच्या रानातून कुणी खाली आलं नाही. आणि ती जागा आली तशी ती मुकाट राहिली. तोंड मिटून गिटार नुसती वाजवत राहिली. तिने जागा गाळली नव्हती, वेळ तेवढाच मोकळा सोडला होता. गिटारीचं एक आवर्तन गेलं. सगळ्यांना ठाऊक होतं इथे काय असतं, त्यामुळे कुणी खोकलंसुद्धा नाही. हीटरचा आवाज येत होता. माझ्या हट्टाने केलेली ती शांतता होती, आणि ती मला सहन होईना. असं वाटलं, आता तर कुणीच बोलवत नाही त्यांना. ते कुठेतरी बादली घेऊन उभे आहेत, कान देऊन, आणि या जगात एकही बाई त्यांना हाक मारत नाही. तीही नाही. मीही नाही. डोरीनने दुसरं आवर्तन सुरू केलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती थांबली होती, किटली ठेवून थांबावं तशी.

“अहोऽऽऽ!”

आवाज माझा होता. सूर नव्हता, ताल नव्हता, मधेच फाटला. तरी लांब गेला. डोळ्यांतून पाणी कधी सुरू झालं तेही कळलं नाही. हातातला चमचा खाली पडला, आणि मी खुर्चीतून अर्धी उठून मागे वळले.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि मी दाराकडे.